कळप वळविणाऱ्या कुत्र्यासाठी योग्य घराची निवड

बालाघाट शहरालगतचे भरवेली हे गाव मँगनीजच्या भूमिगत खाणीमुळे सर्वपरिचित आहे. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या मॉईल या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची ही खाण देशातील प्रमुख मँगनीज खाणींपैकी एक असून, खोलीच्या दृष्टीने आशिया खंडात तिचा उल्लेख अग्रक्रमाने केला जातो. खाण, तिची वसाहत, भोवतालच्या धानाच्या बांध्या आणि पलीकडे पसरलेले जंगल अशी या परिसराची ठेवण आहे. जेथे नोकरीनिमित्त माणसे येतात, तेथून ती कधी ना कधी जातातही. बदली होते, निवृत्तीनंतर क्वार्टर सोडावे लागते, मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड शहरात हलविले जाते. अशा वेळी कपाट, पलंग, सायकल या साऱ्यांची व्यवस्था लागते; दारातल्या कुत्र्याची मात्र पुष्कळदा लागत नाही.

हा प्रश्न केवळ भरवेलीचा नाही. खाण, धरण, वीजकेंद्र, साखर कारखाना अशा प्रत्येक वसाहतीत तो उद्भवतो. त्यातही कुत्रा अल्सेशियनसारख्या, मूळच्या मेंढ्यांमागे धावणाऱ्या जातीचा असेल, तर तो अधिक बिकट होतो. असा कुत्रा कोणालाही देऊन चालत नाही. चुकीच्या घरी गेलेला धावता कुत्रा सहा महिन्यांत तिसऱ्या घरी, आणि वर्षभरात रस्त्यावर जाण्याचा संभव असतो. म्हणून त्याच्यासाठी घर कसे निवडावे, याचा पद्धतशीर विचार करणे अगत्याचे आहे.

राखणारा कुत्रा आणि वळविणारा कुत्रा

मेंढपाळांचे कुत्रे दोन प्रकारचे असतात आणि या दोहोंतील भेद ध्यानात न घेतल्याने अनेक चुका होतात. दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन देशावरून कोकणाकडे उतरणाऱ्या धनगरांचा कुत्रा हा मुख्यतः राखणदार असतो. रात्री वाड्याभोवती पहारा करणे, लांडग्याची चाहूल लागताच भुंकणे आणि प्रसंगी त्याच्यावर चालून जाणे हे त्याचे काम होय. दिवसा तो बराच वेळ सावलीत पडून राहतो. मेंढ्या वळविण्याचे काम धनगराची आरोळी आणि काठी करते.

वळविणारा कुत्रा याहून निराळा असतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ मुलखात, एका माणसाने शेकडो मेंढ्या सांभाळाव्यात या गरजेतून बॉर्डर कोली ही जात तयार झाली. १८७३ साली वेल्समधील बाला येथे अशा कुत्र्यांच्या कामाची जाहीर स्पर्धा भरली होती. नॉर्थम्बरलंडमधील ॲडम टेलफर यांच्याकडे १८९३ साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा आजच्या बॉर्डर कोलींचा मूळपुरुष मानला जातो. जर्मनीत मॅक्स फॉन स्टेफानित्झ यांनी १८९९ साली मेंढपाळी कुत्र्यांमधून निवड करून जर्मन शेफर्ड या जातीची नोंदणी सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीविषयीच्या रोषामुळे ब्रिटनमध्ये या जातीला ‘अल्सेशियन’ म्हणू लागले. तेथे १९७७ मध्ये मूळ नाव पुन्हा स्वीकारण्यात आले, तरी आपल्याकडे अल्सेशियन हेच नाव अधिक रुळलेले आहे. आपल्या वसाहतींतून दिसणारा वळविणाऱ्या वंशाचा कुत्रा बहुधा हाच असतो.

या कुत्र्यांच्या पूर्वजांचे काम दिवसभर चालत असे. कळपाची कडा धरून पुन्हा पुन्हा फेऱ्या मारणे, भरकटलेली मेंढी परत आणणे आणि मालकाच्या शब्दाकडे सतत कान ठेवणे, असे ते काम होते. सावलीत पडून राहणे त्यांच्या वंशात रुजलेले नाही.

चपळाईचे मूळ

लांडग्याच्या शिकारीत काही ठरावीक पायऱ्या असतात. सावजावर नजर रोखणे, दबकत जवळ जाणे, पाठलाग करणे, पकडणे आणि शेवटी मारणे, अशा त्या पायऱ्या होत. मेंढपाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून यांतील पहिल्या पायऱ्या कुत्र्यात ठेवल्या, किंबहुना वाढविल्या. शेवटच्या मात्र दडपून टाकल्या. कोली मेंढीवर नजर रोखतो व तिला वळवितो, पण मारीत नाही. तथापि दडपलेली वृत्ती पूर्णपणे नाहीशी झालेली नसते. शिक्षण न मिळालेला कुत्रा पाठलागाच्या भरात दातही लावतो.

ज्या कुत्र्याला वळवावयास कळप नाही, तो दिसेल ते वळवू लागतो. धावणारी मुले, सायकलस्वार, मोटारसायकल, शेजारची कोंबडी यांच्यामागे तो लागतो आणि टाचेजवळ चावा घेतो. बांधून ठेवल्यास भुंकतो, अंगण उकरतो, चपला-दारे कुरतडतो, स्वतःच्या शेपटीमागे किंवा सावलीमागे गरगर फिरत राहतो. घरची मंडळी म्हणतात, ‘कुत्रा वाया गेला.’ वस्तुतः तो बेकार झालेला असतो. त्याची शक्ती आणि बुद्धी यांना काम मिळाले, की यांतील पुष्कळशा तक्रारी कमी होतात. नवे घर शोधताना हे एक तत्त्व पुढे ठेवावे: घर किती मोठे यापेक्षा त्या घरातील माणूस कुत्र्याला रोज किती वेळ व कोणते काम देईल, याला महत्त्व आहे.

दूर नेऊन सोडण्याचे परिणाम

काही जण कुत्र्याला जंगलाच्या कडेला किंवा परगावी सोडून देतात आणि ‘मोकळा झाला, आपले पोट भरील’ अशी मनाची समजूत घालतात. ही समजूत चुकीची आहे. घरात वाढलेला कुत्रा आपले अन्न मिळविण्यास असमर्थ असतो. गावातील कुत्री त्याला आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत आणि बिबट्या त्याला सहज उचलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत वाजवी कारणावाचून प्राण्याला टाकून देणे हा अपराध आहे.

बालाघाट जिल्ह्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र मंडला आणि बालाघाट या दोन जिल्ह्यांत आहे. कठीण भूमीवर राहणाऱ्या बारशिंग्यांचे हे महत्त्वाचे आश्रयस्थान होय. पाठलागाची ओढ असलेला मोकाट कुत्रा जंगलाच्या कडेला चितळांच्या पाडसांमागे लागतो. त्याहून मोठा धोका रोगांचा असतो. कुत्र्यांमधील डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग वन्य मांसाहारी प्राण्यांनाही होतो. आफ्रिकेतील सेरेंगेटी अभयारण्यात १९९४ मध्ये या रोगाच्या साथीत सुमारे एक-तृतीयांश सिंह दगावले. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह मृत्युमुखी पडले, त्यांपैकी काहींत हाच विषाणू आढळला. वाघ, बिबट्या आणि कळपाने राहणारे रानकुत्रे ज्या जंगलात आहेत, तेथे लस न दिलेला कुत्रा सोडणे म्हणजे एका कुटुंबाची अडचण साऱ्या जंगलावर लादणे होय.

चार इच्छुक : एक उदाहरण

निवड कशी करावी हे कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. वसाहतीतील एका कर्मचाऱ्याची बदली झाली असून नव्या ठिकाणी त्याला दुसऱ्या मजल्यावरील लहान घरात राहावे लागणार आहे. त्याच्याकडे तीन वर्षांचा अल्सेशियन नर आहे. वजन पस्तीस किलोच्या आसपास, प्रकृती उत्तम. पण धावत्या सायकलीमागे लागण्याची खोड आहे. कुत्रा घेण्यास चौघे तयार आहेत.

पहिला इच्छुक दुकानदार आहे. त्याला गोदामावर राखण हवी आहे. दिवसा कुत्रा साखळीला, रात्री मोकळा, अशी त्याची योजना आहे. दुसरा शेळीपालक असून त्याच्याकडे चाळीस शेळ्या व मोकळी जागा आहे. तिसरे घर नात्यातले आहे. माणसे प्रेमळ, पण पती-पत्नी दोघेही नोकरीवर आणि घरात दोन लहान मुले. चौथा सैन्यातून निवृत्त झालेला गृहस्थ असून घर दोनच खोल्यांचे आहे. मात्र पहाटे व सायंकाळी तो नियमाने लांब फिरावयास जातो आणि पूर्वी त्याने कुत्रा त्याच्या अखेरपर्यंत सांभाळलेला आहे.

वरवर पाहता शेळीपालकाचे घर सर्वांत योग्य वाटते. कुत्रा कळपाचा, आणि त्याच्याकडे कळप आहे! परंतु ज्याने आयुष्यात शेळी पाहिलेली नाही, असा मोठा कुत्रा एकदम कळपात सोडल्यास तो त्यांना पळवून पळवून दमवील. शेळ्या बिथरतील आणि गाभण शेळ्या गाभ टाकण्याचाही संभव आहे. वंशातील ओढ हे शिक्षण नव्हे. शेळीपालक स्वतः कुत्र्याला दोरीवर धरून, कित्येक आठवडे कळपाच्या दृष्टीसमोर शांत बसावयास शिकविणार असेल, तरच त्याचा विचार करावा.

दुकानदाराची योजना याहून अयोग्य होय. दिवसभर साखळीला राहिलेला चपळ कुत्रा चिडखोर होतो आणि असा कुत्रा सुटला की चावतो. नातेवाइकांच्या घरी प्रेम आहे, पण वेळ नाही. शिवाय धावत्या मुलांमागे लागण्याचा धोका तेथे रोजचा आहे. प्रेमळपणा हा आवश्यक गुण खरा, पण तो एकटा पुरेसा नाही.

दोन खोल्यांचे घर असलेला निवृत्त गृहस्थ या कुत्र्यासाठी सर्वांत योग्य ठरतो. त्याच्याजवळ दररोज दोन तास आहेत, नियमितपणा आहे आणि कुत्रा म्हणजे बारा-तेरा वर्षांपर्यंतची जबाबदारी असते, हे त्याला अनुभवाने माहीत आहे. या जातीच्या कुत्र्याला मालकाचा शब्द ऐकून काम करणे आवडते. बस, थांब, ये, लपविलेली वस्तू वासाने शोधून आण, असे रोज पंधरा-वीस मिनिटांचे पाठही त्याला चांगले थकवितात. वन्यजीवांच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २००८ पासून भारतात जी श्वानपथके उभी केली, त्यांत जर्मन शेफर्ड कुत्र्यांना वाघाची कातडी, हाडे इत्यादींचा वास ओळखण्यास शिकविण्यात आले. मेंढ्यांसाठी घडलेली बुद्धी दुसऱ्या कामातही समाधान पावते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

इच्छुकाला विचारावयाचे प्रश्न

कुत्रा देण्यापूर्वी इच्छुकाच्या घरी प्रत्यक्ष जाऊन पुढील बाबींची चौकशी करावी.

१. कुत्रा दिवसातून किती तास एकटा राहील? तो बांधलेला असेल की मोकळा?
२. सकाळ-संध्याकाळ त्याला कोण फिरवील? ती व्यक्ती आजारी पडल्यास दुसरे कोण?
३. घरात लहान मुले, वृद्ध, कोंबड्या, शेळ्या, दुसरा कुत्रा यांपैकी कोण आहे?
४. घरातील सर्वांची संमती आहे काय? घर भाड्याचे असल्यास मालकाची हरकत नाही ना?
५. पूर्वी कुत्रा पाळला होता काय आणि त्याचे पुढे काय झाले?
६. अन्न, लस व औषधोपचार यांचा खर्च नियमितपणे झेपेल काय?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्षपूर्वक ऐकावे. ‘होता, पण कुठे तरी गेला’ असे उत्तर मिळाल्यास पुढे जाण्यापूर्वी अधिक विचार करावा.

चौकशी दोन्ही बाजूंनी प्रामाणिक असली पाहिजे. कुत्र्याची खोड लपविणे हा गंभीर दोष होय. त्याने पूर्वी कोणाला चावा घेतला असेल, तर तो कोणत्या प्रसंगी व कसा, हे स्पष्ट सांगावे. जो पालक हे लपवून कुत्रा देतो, तो नव्या घरातील मुलाला धोक्यात लोटतो. सत्य ऐकून इच्छुकाने नकार दिला, तरी त्यात उभयतांचे हितच आहे.

देण्यापूर्वीची तयारी

बदलीचा हुकूम हाती आल्यापासूनच शोध सुरू करावा. सामान ट्रकवर चढत असताना मिळेल त्याला कुत्रा देणे ही निवड नव्हे. दरम्यान पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन कुत्र्याची तपासणी करून घ्यावी. रेबीज व डिस्टेंपर यांवरील लसी वेळेवर दिलेल्या असाव्यात आणि लसीचे कार्ड कुत्र्याबरोबर द्यावे. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण, जंतनाशन आणि नसबंदी यांची जबाबदारी मालकाची आहे. नसबंदी हस्तांतरापूर्वीच करून घेणे हितावह असते. नको असलेल्या पिल्लांचा प्रश्न त्यामुळे टळतो.

ग्रामीण घरी कुत्रा जात असल्यास दोन सूचना आवर्जून द्याव्यात. शेळ्या-मेंढ्यांच्या कापलेल्या अवयवांचे कच्चे तुकडे कुत्र्याला घालू नयेत. त्यातून एका विशिष्ट पट्टकृमीची लागण कुत्र्याला होते आणि कुत्र्याच्या विष्ठेवाटे ती माणसापर्यंत पोहोचून यकृतात व फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. दुसरी सूचना औषधाविषयी आहे. गुरांच्या जंत-गोचिडांसाठी वापरले जाणारे आयव्हरमेक्टिन कोली वंशाच्या अनेक कुत्र्यांना आनुवंशिक दोषामुळे मेंदूवर परिणाम करून प्राणघातक ठरू शकते. गुरांचे औषध पशुवैद्यकाला विचारल्यावाचून कुत्र्याला कधीही देऊ नये.

बालाघाटहून विशेष उपचारांसाठी जबलपूर आणि नागपूर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये उपलब्ध आहेत. मध्य प्रदेश व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

आणखी एक लहान, पण उपयुक्त गोष्ट म्हणजे कुत्र्याला समजणाऱ्या शब्दांची यादी. बालाघाटच्या परिसरात एका घरात हिंदी, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात पोवारी बोलली जाते. ‘बैठ’ या शब्दाला बसणारा कुत्रा ‘बस’ म्हटल्यावर उभाच राहिला, तर तो हट्टी ठरविला जातो. म्हणून त्याचे शब्द, जेवणाच्या वेळा, आवडनिवड व भीतीच्या गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात. त्याचे अंथरूण न धुता द्यावे. ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो.

नव्या घरातील पहिले दिवस

हस्तांतर एका दिवसात उरकू नये. प्रथम नव्या पालकाने जुन्या घरी दोन-तीनदा यावे, कुत्र्याला फिरवावे, आपल्या हाताने खाऊ घालावे. त्यानंतर एक दिवस नव्या घरी ठेवून पाहावे. कायमचे नेल्यावर पहिले काही आठवडे त्याला बाहेर पट्ट्यावाचून सोडू नये, कारण तो जुन्या घराच्या वाटेने पळण्याचा प्रयत्न करतो. पहिले दोन-चार दिवस तो जेवत नाही किंवा कोपरा धरून बसतो. यावरून निष्कर्ष काढू नये. खरा स्वभाव पुरता उघड होण्यास दोन-तीन महिने लागतात.

दाट केसांच्या या कुत्र्याला येथील उन्हाळा सोसत नाही. वैशाखात पारा चाळीस अंशांवर जातो, तेव्हा फिरविणे पहाटे व रात्रीच करावे. दुपारी सावली आणि भरपूर पाणी द्यावे. जोराची धाप, तोंडातून फेस, झोकांड्या ही उष्माघाताची लक्षणे असून, अंगावर साधे पाणी ओतीत तत्काळ उपचार मिळवावेत.

जुन्या पालकाची जबाबदारी कुत्रा दिल्यावर लगेच संपत नाही. पहिल्या महिन्यात चौकशी करीत राहावे आणि न जमल्यास कुत्रा दुसऱ्या कोणाला न देता आपणास कळवावे, असे आधीच ठरवून घ्यावे. हे दोन ओळींत लिहून दोघांनी सह्या केल्यास पुढे गैरसमज होत नाहीत.

शाळा व ग्रामपंचायतीचे साहाय्य

नवा कुत्रा गल्लीत आला की मुलांचे कुतूहल वाढते. शिक्षकांनी मुलांना तीन गोष्टी शिकवाव्यात. अनोळखी कुत्रा जवळ आला तर पळू नये, ओरडू नये. हात अंगाशी धरून स्थिर उभे राहावे. कळप वळविणाऱ्या कुत्र्याला पळणारे मूल हे भरकटलेल्या मेंढीसारखे वाटते, हे कारण सांगितल्यास नियम मुलांच्या चांगला लक्षात राहतो. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा बांधलेल्या कुत्र्याला डिवचू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी, घरी त्वरित सांगावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लसीचा क्रम सुरू करावा. हळद, तिखट, चुना लावण्यात वेळ दवडू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लस मात्र वेळेवर घेतल्यास प्राण वाचतात.

ग्रामपंचायत व वसाहतीच्या समित्यांनी वर्षातून एकदा लसीकरण शिबिर भरविताना पाळीव कुत्र्यांची नोंद ठेवावी. बदलीवर जाणाऱ्या कुटुंबाने कुत्र्याची काय व्यवस्था केली, याची त्या नोंदीवरून चौकशी करता येईल. कुत्रा देऊ इच्छिणारे आणि घेऊ इच्छिणारे यांची गाठ घालून देण्यासही या नोंदीचा उपयोग होईल.

महाभारतात युधिष्ठिराने सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले. बदली झालेल्या गृहस्थाला प्रत्येक वेळी कुत्रा बरोबर नेणे शक्य होईलच असे नाही. मात्र त्याला टाकून देणे आणि त्याच्यासाठी योग्य माणूस शोधून देणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर काटण्यास एक-दोन महिन्यांचा वेळ, चार घरांच्या फेऱ्या आणि खरे बोलण्याची तयारी एवढेच लागते. प्रत्येक पशुपालकाने कुत्रा घरी आणतानाच या दिवसाचाही विचार करून ठेवावा.